शनिवारची वाफ

भट्टी तपासायला आलेल्या ऑरिनने तळघरात तिच्या डक्टवर, गरम हवा वर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीवर, टकटक केली आणि कान लावला. "हा पंखा कुठला जोडलाय याला?"

"सॉनाचा," वायनोने शेजारच्या वाफ घ्यायच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"सॉनाची वाफ घर तापवायच्या डक्टमध्ये?" ऑरिन हसला. "वायनो, हे फक्त तुम्ही फिनिश लोकच करू शकता. बाकीचे भिंतीला भोक पाडून ती बाहेर सोडतात."

"बाहेर कोण आजारी होतं?"

वायनोची मुलगी मार्लिस तळघराच्या जिन्यात हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही.

"थट्टा पुरे. ही ओल आईच्या खोलीत किती गेली, तेवढं सांगा. आत बुरशी धरली असेल तर तीसुद्धा आईच्या छातीत गेली. घरात कुठे ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. बाबा नाही म्हणाले."

वायनो खाली बघत राहिला. पायात बायकोने, सैमीने विणलेले लाल लोकरीचे मोजे होते. सैमी मार्चमध्ये गेली. तेव्हापासून त्याने सॉना तापवला नव्हता. मार्लिसने हा प्रश्न आत्ता विचारला, पण त्याच्या मनात तो सैमीला पुरलं त्या दिवसापासून होता. आपण तिला वाफ दिली की आजार दिला?

सैमीचा शनिवार सॉनाशिवाय कधी गेला नव्हता. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, बर्च झाडाच्या पानेरी डहाळ्यांनी अंग झोडून घ्यायचं, मग कॉफी. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी ती उष्णताही बंद केली आणि तळघराचा जिनाही. शनिवार आला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वायनोला ते बघवेना.

तो खाणीतला माणूस. पत्र्याचं काम सैमीच्या वडिलांचं, त्यांच्या दुकानात ती लहानाची मोठी झालेली. तरी त्याने पाइप आणला, पत्रा कापला, हात कापून घेतला आणि सॉनाचा पंखा डक्टला जोडला. भट्टीमागच्या बोळात डक्टला फाटा फुटत होता. एक वाट वरच्या पुढच्या खोलीत, सैमीकडे. दुसरी मागच्या खोलीत. तिथे तो स्वतः झोपायला गेला होता, कारण भट्टीच्या कोरड्या हवेने हिवाळाभर त्याला खोकला लागायचा आणि सैमीची झोप मोडायची. फाट्यावरच्या झडपेचा दांडा त्याने तिच्या खोलीकडे वळवला.

मग एवढ्या एका वेळेपुरतं तिला खाली बोलावलं. ती कठडा धरून उतरली, विणकामाची पिशवी खांद्याला तशीच. बोळात शिरून तिने सगळं नीट पाहिलं.

"सांधा वाकडाय," ती म्हणाली. "माझ्या बापाने तुला दुकानाबाहेर काढलं असतं."

"पण वाफ येईल ना तुझ्यापर्यंत?"

तिने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मग म्हणाली, "जा, कॉफी ठेव. मी येते सावकाश."

कॉफी उकळून निवत आली तेव्हा ती वर पोचली. त्यानंतर ती कधी तळघरात उतरली नाही. त्याच आठवड्यात तिने खाटेजवळ विजेचा हीटर मागितला. हल्ली तिला थंडी जास्त वाजते, एवढंच वायनोला वाटलं.

पहिल्या शनिवारी तो सॉनातून लालबुंद होऊन वर आला. "आली का गं वाफ?"

सैमीने डोळे मिटले होते. "आली रे. डहाळ्या कोवळ्या आहेत ना आज?"

मग दर शनिवारी तेच. एकदा पंख्याचा फ्यूज उडाला होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या शनिवारीही ती म्हणाली होती, "आज तर फारच छान आली." तो खूप हसला. म्हणाला, तुझ्या नाकातच मुरलीय ती.

मग तो आपल्या खोलीत जाऊन आडवा व्हायचा. बर्चचा वास अंगाला चिकटून आलेला असायचा, खिडकीच्या काचेवर बर्फाचा जाड थर. लहान मुलासारखी झोप लागायची. त्या हिवाळ्यांत खोकलाही पळाला. सैमी त्याला बळेच कांद्याचा रस पाजायची. सगळं श्रेय तो त्या रसालाच द्यायचा.

ऑरिन वर गेला. मागोमाग दोघं. सैमीच्या खोलीत त्याने जमिनीतली जाळी उचकटली, बॅटरी लावली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मार्लिस रिकाम्या खाटेजवळ उभी होती.

हात बाहेर आला. त्याच्यावर नुसती कोरडी धूळ.

"पत्रा कोरा आहे," ऑरिन म्हणाला. "गंज नाही, डाग नाही. इथे वाफ कधी आलेलीच नाही."

"शक्य नाही," वायनो म्हणाला. "ती दर शनिवारी सांगायची."

मार्लिसच्या हातांची घडी सुटली. ती खाटेच्या कडेवर बसली. "बाबा," ती म्हणाली.

"एवढी वाफ गेली कुठे मग?" ऑरिन मागच्या खोलीत गेला. तिथली जाळी उचलताच गंजाचे पापुद्रे गळून पडले. "ही कोणाची खोली?"

"माझी."

ऑरिन खाली गेला. भट्टीमागे त्याची बॅटरी हलत राहिली, मग एका जागी थांबली.

"वायनो, जरा इकडे या."

वायनो अंग चोरून बोळात शिरला. झडपेचा दांडा मागच्या खोलीकडे वळवलेला होता, आणि सरकू नये म्हणून लाल लोकरीने घट्ट बांधलेला होता.