शार्कची भूक, भाग दोन

पहिल्या भागातला शार्क बरा होता म्हणायची वेळ समीक्षकावर आली. समुद्र जेमतेम गुडघाभर, शार्कच्या पोटावरची चेन अर्धी उघडी, आणि हिरो बुडताना त्याचे केस कोरडे ठणठणीत! त्याने दोषांनी दोन पानं भरली. गुण म्हणून एकच ओळ सुचली : ‘शार्क खातो मात्र अगदी मनापासून.’

इतक्यात शार्कने होडीसकट हिरो मटकावला आणि शेजारच्या खुर्चीतल्या मावशींनी डोळ्यांना रुमाल लावला.

समीक्षकाला दया आली. “घाबरू नका, मावशी. आत माणूस आहे.”



“ठाऊक आहे हो, माझाच धाकटा आहे तो! घरी मात्र दोन घास खायचे म्हटले की शंभर नखरे!”