अपूर्णविरामापुढचे शब्द

“सतरा नंबरचा मूळ लेख कुठे आहे?” विरामबाईंनी चष्म्यावरून पाहत तरुण डॉक्टरला विचारले.

दोन वाजून गेले होते. पाचच्या आत शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाकडे गेला नाही, तर तो यंदाच्या अंकात येणार नव्हता. आणि अंकात आला नाही, तर बालरोग विभागातल्या कायम जागेवर पाणी सोडावे लागणार होते. सहा वर्षे तो हंगामी होता. ‘हंगामी म्हणजे नक्की काय, फळ की भाजी?’ असे बायको हल्ली हसत हसत विचारायची, आणि ते हसू दर वर्षी थोडे कमी होत चालले होते.

निबंध तयार होता. राहिली होती ती संदर्भांची यादी. बत्तीस लेख, प्रत्येकाचे लेखक, शीर्षक, वर्ष, खंड, पाने, आणि कुठे टिंब, कुठे स्वल्पविराम, याचे नियतकालिकाचे कडक सोवळे. म्हणून तो महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंकडे आला होता. पाठीमागे त्यांना सगळे विरामबाई म्हणत. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि तीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली एकही यादी परत आली नव्हती.

“मूळ लेख नाही पाहिला, मॅडम,” तो म्हणाला. “पण या विषयावरच्या अकरा निबंधांत हाच संदर्भ आहे. शीर्षकही अगदी हेच. मी तिथूनच घेतला.”

बाई उठल्या. तळघरात गेल्या आणि जुन्या अंकांचा एक बांधीव खंड छातीशी धरून वर आल्या. तो त्यांना इतक्या लवकर कसा सापडला, याचे डॉक्टरला नवल वाटले. त्यांनी धूळ फुंकली, पान काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

त्याच्या यादीत शीर्षक होते, ‘झटके थांबवणाऱ्या औषधाची सुरक्षितता’. छापील पानावर तेच होते, पण तिथे ते संपत नव्हते. पुढे अपूर्णविराम होता, एकावर एक ठेवलेली दोन टिंबे. आणि त्यापुढे शब्द होते, ‘केवळ प्रौढ रुग्णांचा अभ्यास’.

डॉक्टरने अख्खा लेख उभ्याउभ्याच वाचला. त्यात अठरा वर्षांखालचा एकही रुग्ण नव्हता. त्याच्या निबंधात मात्र एक लांबलचक परिच्छेद होता, की हे औषध वर्षाच्या आतल्या बाळांनाही द्यायला हरकत नाही. आधार, संदर्भ सतरा.

“पण मॅडम, अकरा जणांच्या याद्यांत असंच आहे,” तो केविलवाणेपणाने म्हणाला.

“अकरा याद्या नाहीत या, डॉक्टर. यादी एकच आहे. बाकी दहा जणांनी उतरवून घेतली.”

त्याने परिच्छेद काढून टाकला. निबंधाचा सगळा डौल त्यातच होता. पण अशी बाळे तो रोज हातात घेत असे. उरलेले पंधरा संदर्भ दोघांनी मिळून मूळ लेखांशी ताडून पाहिले. पाचाला दहा मिनिटे असताना निबंध रवाना झाला. डॉक्टर खुर्चीत टेकला. लोक या बाईंना टिंबे मोजणारी म्हणून हसतात, आपणही हसलो, याची त्याला मनापासून लाज वाटली. आज त्यांच्या पाया पडावे असे त्याला वाटत होते.

बाई मात्र उठल्या नव्हत्या. अकरा निबंध वर्षांप्रमाणे लावून त्यांनी सर्वांत जुना वर ठेवला होता आणि एक पत्र टंकायला घेतले होते.

“कोणाला?”

“संपादकांना. शीर्षक पहिल्यांदा जिथे कापलं गेलं, तिथे दुरुस्ती छापा म्हणून.”

डॉक्टरने वरच्या निबंधावरचे नाव वाचले आणि तो ताडकन उभा राहिला. निबंध एकोणीस वर्षांपूर्वीचा होता, आणि लेखक होते त्यांच्याच महाविद्यालयाचे आजचे अधिष्ठाता. कायम जागेची मुलाखत तेच घेणार होते.

“मॅडम, अहो, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्यांनी औषध प्रौढांनाच दिलं होतं, त्यांच्या निबंधात काहीच चुकलेलं नाही. आणि हे माझ्या यादीवरून निघालं, असं त्यांना कळलं तर संपलंच माझं.”

“तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“पण त्यांचं येईल ना! एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू जाता जाता चव्हाट्यावर मांडणार तुम्ही? तुमचा एकच महिना राहिलाय. आपली यादी दुरुस्त झाली, बस झालं.”

“उद्या बारावा येईल,” बाई म्हणाल्या. “तो माझ्याकडेच येईल कशावरून?”

त्यांनी पत्राचा कागद छापून काढला, खाली स्वच्छ अक्षरात सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

“तुमचं मी तपासलं. आता माझं तुम्ही तपासा.”

डॉक्टरने नाइलाजाने कागद उचलला. अंकाचा तपशील बरोबर होता, पानाचा आकडा बरोबर होता. मग तो शेवटच्या दोन वाक्यांशी आला.

‘लेखकांनी दिलेल्या हस्तलिखितात शीर्षक पूर्ण होते. यादी एका पानात बसावी म्हणून अपूर्णविरामापुढचे शब्द मी गाळले.’