शेपूटवाली चिठ्ठी

यातला शब्द न् शब्द खरा आहे, शपथेवर सांगते. खोटं निघालं तर उद्या सकाळी मला माझी कवळी सापडू नये.

आजोबा बॅग भरत होते. संध्याकाळच्या गाडीने भावाकडे जाणार, तेही कायमचे. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. झालं असं, की तिने पाहुण्यांना सांगितलं, लग्नाआधी हे मला भेटायला पुरातून नदी पोहून आले होते. पाहुणे थक्क. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "पूल होता."

आजीने चार पानी पत्र लिहिलं आणि नातीला बोलावलं. नातीची दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राची परीक्षा. आठ दिवस ती घरभर मोठमोठ्याने पाठ करत हिंडत होती.

"यातलं काय ते आजोबांना कळव. मूळ कागद मात्र माझ्या कपाटातून हलायचा नाही. पुढच्या भांडणाला लागतो."

"अगं, पेशीतही असंच असतं," नात म्हणाली. "डीएनए केंद्रकाबाहेर पडत नाही. त्याची नक्कल निघते, आरएनए. नकलेतलं मधलं नको ते कापायचं, उरलेलं जोडायचं, मगच तिला बाहेर सोडायचं."

"काप काय कापायचं ते. मला दाखवू नकोस म्हणजे झालं."

नातीने नक्कल उतरवली. सुरुवात होती, 'जाऊ नका असं मी म्हणेन ही आशा सोडा.' मग आजोबांचं घोरणं, त्यांच्या आईने केलेले लाड, असं साडेतीन पानं. शेवटी, 'मी माझ्यापुरता चहा टाकते.' कात्री चालली. उरलं, 'जाऊ नका. चहा टाकते.'

आरएनएला पुढे टोपी लागते, नाहीतर तो वाटेतच कुरतडला जातो. तिने 'अहो' लावलं. 'अहो' नसलेला कागद आजोबा न वाचताच फाडायचे. मागे शेपूट लागतं, ए या एकाच अक्षराचं, लांबलचक. पाठांतराच्या सवयीने हात पुढे गेला आणि तेही लागलं: 'एएएएएएएए'.

आजोबांनी चिठ्ठी वाचली. मग शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवून बसून राहिले.

"ते शेपूट आहे, आजोबा. आरएनएला असतं."

"कसलं शेपूट? लग्नाआधी ती मला खिडकीतून अशीच हाक मारायची. मी वळेपर्यंत ए, ए, ए. लग्न झालं आणि माझा अहो झाला."

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "चहा टाकलास का गं?"

"आधी पुराचं बोला."

आजोबांनी जरा विचार केला. "पूर होता. पुलावरून वाहत होता."

आजीने दोन कप पाणी ठेवलं.

सगळं खरं. एवढंच पदरचं घातलं, की शेपूट नातीने लावलं. ती टोपी लावून पाणी प्यायला गेली होती, चिठ्ठी टेबलावर होती, आणि आठ दिवस तेच पाठांतर कानावर पडल्यावर थोडंफार जीवशास्त्र मलाही येतं.