दुसरी मूठ

इंग्लंडच्या राजाचा अधिकारी स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसला आणि जमिनीच्या फळीवर त्याने मोजपट्टी ठेवली. फळी चांगली अडीच फूट रुंद भरली. अमेरिकेतल्या या वसाहतीत दोन फुटांहून रुंद बुंध्याचं पाइनचं झाड तोडायला बंदी होती. ते कुणाच्याही रानात वाढलेलं असो, राजाच्या आरमाराला डोलकाठीसाठीच जायचं.

चुलीपाशी उभी असलेली प्रुडन्स भीतीने त्या मोजपट्टीकडे बघत होती. "फळी चिरून अरुंद कर," म्हणून तिने नवऱ्याच्या किती विनवण्या केल्या होत्या! गावात सगळे तेच करायचे. पण एझ्रा हटून बसला. आजोबांनी राखलेलं झाड चोरीच्या मालासारखं लपवायला तो तयार नव्हता.

"कुणी कापलं हे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी," एझ्रा म्हणाला. आवाज जराही कापला नाही.

शिपायांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. तो ताठ मानेने चालत होता. प्रुडन्स बघत राहिली, आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. तिने भिंतीवरची सहा फुटी करवत उतरवली आणि अंगणात जाऊन अधिकाऱ्यासमोर आडवी धरली. करवतीच्या दोन्ही टोकांना मुठी होत्या.

"साहेब, ही एकट्याने ओढून दाखवा."

"म्हणजे?"

"पलीकडची मूठ माझ्या हातात होती. माझंही नाव लिहा. आणि त्याच्या नावाखाली नको, शेजारी लिहा."