वर जाणारा गज

गुंडप्पांनी कॅसेट पुन्हा मागे फिरवली. बीडच्या आपल्या कापडदुकानाचं शटर अर्धं ओढून, गठ्ठ्यांमध्ये मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्याशी टेकवून, वाजवायचा गज हातात धरून ते चार दिवस एकच धून ऐकत होते.

कॅसेट स्कॉटलंडहून आली होती. त्यांची मुलगी रुद्राणी तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि तिला तिथल्याच इयनशी लग्न करायचं होतं. इयन व्हायोलिन वाजवायचा; कॅसेटवरचं वादन त्याचंच होतं. त्यानं सांगितलेलं तिनं मराठीत लिहून पाठवलं होतं : ‘दुसऱ्या बाजूची पहिली धून आधी ऐका. लगेच वाजवू नका. आखूड सूर आधी, लांब नंतर. आखूड सुराला गज झटकायचा. मग तीन सूर एकाच वर जाणाऱ्या गजात, दाब देत.’

खाली एवढंच : ‘आप्पा, रविवारी चारला फोन करते. हो की नाही ते सांगा.’

आज रविवार होता.

गुंडप्पांनी गज झटकला. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी तार केकाटली. पस्तीस वर्षं त्यांनी भजनांना साथ केली होती. गज वळला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, हे गुरुजींचं पहिलं सांगणं. या कॅसेटवर तर प्रत्येक वळण कानावर आदळत होतं. आणि तरी त्यांच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता.

त्यांच्या पत्नी नीलाबाई चहा घेऊन आल्या. “पोरगा कसा हाय, कळलं का काई?”

“हात लई साफ हाय. पण असं का वाजवतो, ते कळंना.”

फोन वाजला.

“आप्पा, काय ठरवलं?”

“त्याला इचार, गज वळताना आवाज निघतो, तो चुकून का मुद्दाम?”

पलीकडे इंग्रजीत बोलणं झालं. कुणीतरी हसलं.

“मुद्दाम, आप्पा. नाचणाऱ्याला पाय कुठं टाकायचा ते कळावं म्हणून.”

गुंडप्पांनी हातातल्या गजाकडे पाहिलं. त्यांच्या साथीवर आजवर कुणी नाचलं नव्हतं.

“दिवाळीत घेऊन ये त्याला,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

“म्हंजी हो म्हणलाव का न्हाई?” नीलाबाईंनी विचारलं.

“मलाबी कळंना.”

नीलाबाईंनी रिकामी कपबशी उचलली. दाराशी जाऊन थबकल्या.

“त्याला खाली मांडी घालून बसता येतं का, ते तरी इचारायचं.”