जयाबाईच्या घराचा विमा

"अंगठा उठवते, पर आधी सगळा कागद वाचून दावा," जयाबाई म्हणाली आणि पदराला हात पुसत ओसरीवर बसली.

शरद कुलकर्णी विमा कंपनीचा एजंट. बेळगावाहून जांबोटीपर्यंत मोटारीनं आणि पुढं कणकुंबीपर्यंत बैलगाडीनं, हाडं खिळखिळी करून घेत तो आला होता. कागद पुरता वाचा असं आजवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं सोबत आलेल्या नागोजीकडे पाहिलं. नागोजी हा जयाबाईचा एकुलता एक मुलगा, बेळगावच्या कँपात मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. शरदला इथवर त्यानंच आणलं होतं.

"वाच बाबा," नागोजी म्हणाला. "न वाचता अंगठा उठवून हितल्या लोकांची शेतं गेल्यात. ती न्हाय ऐकायची."

गेल्या पावसाळ्यात वादळानं या घराची मागची भिंत आत कोसळली होती. जयाबाई त्या घडीला गोठ्यात होती म्हणून वाचली. शेजारच्या भरमूला हाताशी घेऊन तिनं भिंत पुन्हा उभी केली. नवी माती अजून वेगळी दिसत होती. तेव्हापासून नागोजीनं एकच धोशा लावला होता: यंदा मिरगाच्या आत आईला बेळगावला न्यायचं, कायमचं. आणि जयाबाईचं एकच उत्तर: घर कुणाच्या भरवशावर टाकू? त्या उत्तराचं तोंड बंद करायला त्यानं हा विमा शोधून काढला होता.

कागद इंग्रजीत होता. शरद एकेक कलम मराठीत सांगू लागला. घर आगीनं जळलं, त्यावर वीज पडली, वादळानं उडालं, भूकंपानं पडलं, तरी कंपनी भरपाई देणार.

"आनि पावसानं?"

"पावसानं पडलं तरी, मावशी. त्याला हप्ता थोडा जादा."

"हप्ता मी भरतो," नागोजी घाईनं म्हणाला. "बघ आई, घर आता कंपनीच्या भरवशावर. तू मोकळी झालीस."

नागोजीच्या बेळगावच्या खोलीत जयाबाई एकदा पंधरा दिवस राहिली होती. सून चांगली होती, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायची. पण सकाळी उठून करायचं काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. आता मात्र तिच्याकडे सबब उरली नव्हती. एवढा लांबून आलेला पाहुणा, एवढा खर्च करायला निघालेला मुलगा, त्यांना नाही तरी कसं म्हणायचं? ती शाईच्या डबीकडे बघत राहिली.

शरद नवव्या कलमावर आला आणि जरा घुटमळला.

"वाचा की," जयाबाई म्हणाली.

"घर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर कंपनी भरपाई देणार नाही."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे घराला कुलूप लावून महिनाभर कुणी राहिलंच नाही, आणि तेवढ्यात घर पडलं, तर काही मिळत नाही."

"म्हंजे घरात मी ऱ्हायालाच पायजे."

"कुणीतरी राहायला पाहिजे, मावशी."

"कुनीतरी म्हंजे मीच की. दुसरं कोन हाय?" जयाबाईचा चेहरा असा खुलला, की ओसरीवरचं मांजरसुद्धा मान वर करून बघू लागलं. "लई शानी हाय तुमची कंपनी! आना ती शाई हिकडं."

नागोजी शरदवर उखडला. "हे मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू हप्त्याचं तेवढं विचारलंस."

आईला बाहेर काढायला आणलेला विम्याचा दोर तिनं घराच्या खांबालाच बांधून टाकला होता. नागोजी उठला, अंगणात गेला, परत आला. मग मागच्या भिंतीकडे हात करून तो म्हणाला, "कंपनी भिंत भरून देईल, आई. ती भिंत तुज्या अंगावर पडली आसती तर मला आई कोन भरून देनार हुतं?"

मोटारीखाली दिवसदिवस पडून राहणारा, हाताला भाजलं तरी हूं की चूं न करणारा हा गडी. त्याचे डोळे भरून आलेले जयाबाईला दिसले. तिचं हसू मावळलं. पोरगं वर्षभर एवढं भ्यालेलं आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. तिनं हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि हात सोडला नाही.

मायलेकांकडे बघावं की नाही, हे शरदला कळेना. त्यानं अर्ज पुढं ओढला, टाक बुडवला आणि उरलेले रकाने भरायला घेतले.

"घर मातीचं. छप्पर कौलारू." तो लिहीत गेला. "घरात राहणारी माणसं... एक."

"दोन लिवा," जयाबाई म्हणाली.

"दोन?"

"मी आनि ह्यो."

"मावशी, नागोजी बेळगावला राहतो. अर्जात खोटं लिहिलं तर कंपनी एक पैसा देत नाही."

जयाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं मुलाकडे तोंड वळवलं.

"खोटं हाय व्हय रं?"