इंचभरही नाही

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात दोन निवृत्त हवालदार आहेत, उदयसिंहआप्पा आणि त्यांचे चुलतभाऊ नाथाजीतात्या. दर झेंडावंदनाला दोघंही छाती फुगवून सांगतात, "अठरा वर्षं सरहद्दीवर हुभं हुतो, देशाची जमीन इंचभर हलू दिली न्हाई!" दोघांच्या शेतांमधला बांध मात्र दर नांगरटीला हलतो. कोण हलवतं, ते दोघांनाही माहीत नसतं. त्यावरनं चार वर्षं बोलणं बंद आहे.

दिवाळीला आप्पांची लेक अंकिता पुण्याहून एक खेळ घेऊन आली. टेबलावर मांडायची दोन प्राचीन सैन्यं, इकडं सातवाहन, तिकडं शक. बोटाएवढे रंगवलेले सैनिक, घोडे, हत्ती, आणि मधोमध सरळ अंथरायची निळ्या कापडाची नदी. फासा टाकायचा, नदी ओलांडायची आणि लढायचं. तिनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाली, "काय भांडायचं ते एकदाचं हितं भांडून घ्या."

तासाभरानं ती चहा घेऊन आली. दोन्हीकडचा एकही सैनिक पडला नव्हता. हत्ती तर जागचे हललेसुद्धा नव्हते.

"आवं, लढताय का नुसतंच बसलाय?"

"लढतोय की!" चार वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले.



सरळ अंथरलेली नदी एका टोकाला चार बोटं तात्यांच्या हद्दीत गेली होती, आणि दुसऱ्या टोकाला पाच बोटं आप्पांच्या.